ठकू दमली ते कुंड

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे माझ्या आजोबांच्या आजोबांनीसुद्धा कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली ही हकिगत. सांगून सांगून माझा घसा बसलाय. पण विचारलंत, तर सांगतो. पाय पसरून बसा, ठकूची गोष्ट ताठ बसून ऐकायची नसते.

आमचा किनारा चुनखडीचा. पांढरा, खरखरीत, अनवाणी चाललं तर पाय कापणारा दगड. विहीर खणावी तर पाणी खारट. पण या दगडात, भरतीचं पाणी पोचत नाही अशा उंचीवर, एकोणचाळीस कुंडं आहेत. पावसाळ्यात ती गोड्या पाण्यानं भरतात आणि मार्गशीर्षापर्यंत गावाची तहान भागवतात. मग आटतात. तळाचा चिखल वाळून त्याच्या खपल्या होतात, आणि पाण्यासाठी दोन कोस चालावं लागतं.

पावसाआधी कुंडं साफ करायची पाळी घरोघरी असे. पालापाचोळा आणि पक्ष्यांची घाण काढायची, इतकंच. त्या वर्षी पाळी आली ठकूची. ठकू विधवा, पदरात केसर नावाची सहा वर्षांची मुलगी. बाईला स्वच्छतेचं भारी वेड. असं म्हणतात, की तिच्या चुलीतली राखसुद्धा नीट रचलेली असायची. तिनं पालापाचोळा काढला आणि खालचा चिखल पाहून तिला शिसारीच आली. तिनं खपल्या खरवडल्या, काथ्यानं दगड घासला आणि टोपल्या भरभरून चिखल समुद्रात ओतला. एकवीस दिवस उन्हातान्हात राबून तिनं अडतीस कुंडं ताटासारखी लख्ख केली.

एकोणचाळिसावं कुंड पार टोकाला. तिथं पोचेपर्यंत तिच्या हातांची सालं निघाली होती. ती काठावर बसली ती बसलीच. उठवेना. शेवटी कुणाला दिसू नये म्हणून तिनं त्या कुंडावर झावळ्या अंथरल्या आणि मान खाली घालून घरी गेली.

पाऊस झाला, कुंडं भरली. पाणी असं नितळ, की गावकरांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, सगळ्यांदेखत ठकूला मानाचा नारळ दिला. पण त्या वर्षी बेडूक ओरडले नाहीत. दरवर्षी पाण्यात पाठीवर पोहणारे काचेसारखे इवलेसे झिंगे दिसायचे, शेपटीवाली बेडकाची पिल्लं दिसायची. त्यातलं काहीच दिसलं नाही. पंधरा दिवसांत पाणी हिरवं झालं, महिनाभरात त्याला वास सुटला. घरोघरी पोरं आजारी पडली. काही गेली. केसरनंही अंथरूण धरलं.

ठकू कळशी घेऊन निघाली. एकेका कुंडाशी वाकायची, वास घ्यायची, पुढं जायची. अडतीस कुंडं अशी झाली. शेवटच्या कुंडावरच्या झावळ्या तिनं बाजूला केल्या, तर खाली स्वच्छ पाणी. त्यात झिंगे पोहत होते, पिल्लं शेवाळ कुरतडत होती, आणि तळाला तोच चिखल होता. झिंग्यांची अंडी आणि बेडूक उन्हाळाभर त्याच चिखलात झोपलेले असतात आणि पाणी तेच स्वच्छ राखतात, हे ठकूला तिथं उभ्याउभ्या कळलं. आपण समुद्रात काय ओतलं तेही कळलं, आणि ती खूप रडली.

केसर त्या पाण्यावर वाचली. ठकूला गप्प बसता आलं असतं. पण तिनं देवळासमोर गाव गोळा केला आणि नारळ परत ठेवला.

"शेवटचा कुंड मी घासूकच नाय," ती म्हणाली. "दमलंय आनि थंयच बसलंय. बाकीची घासलंय, म्हणान तुमची पोरां गेली."

लोकांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ठकू पुढं जन्मभर म्हणायची. अखेर सगुणा उठली. तिचा मुलगा गेला होता. ती एवढंच म्हणाली, "आता काय करूचा, ता सांग."

मग दर उन्हाळ्यात ठकू शेवटच्या कुंडातला वाळका चिखल मुठीत घेऊन निघायची. फार उपसला तर हेही कुंड मरेल, म्हणून वर्षाला दोनच मुठी, दोनच कुंडं. अशी एकोणीस वर्षं. असं म्हणतात, की तिची मूठ रिकामी होईपर्यंत पाऊस समुद्रावर खोळंबून राहायचा. असं म्हणतात, की तिच्या टाचांनी दगड झिजला आणि त्या खळग्यांतही बेडूक राहू लागले.

एकोणिसाव्या वर्षी अडतिसाव्या कुंडात मूठ सोडून ती शेवटच्या कुंडाशी जाऊन बसली. केसर, आता लेकुरवाळी, तिला न्यायला आली.

"आये, चल घराक."

"बसतंय जरा," ठकू म्हणाली.

ती उठलीच नाही; शेवटी केसर एकटीच परतली. सकाळी लोक गेले, तर ठकू नव्हती. दगडात बसलेल्या बाईएवढा खळगा पडला होता. पाऊस अजून यायचा होता, तरी तो गोड्या पाण्यानं भरलेला होता, आणि त्यात एक बेडूक होता.

आजही आम्ही कुंडांतला पालापाचोळा तेवढा काढतो. अडतीस झाली की झाडू खाली ठेवून शेवटच्या कुंडाशी बसतो. कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून विचारतं, "आनि ह्या?" सगळे म्हणतात, "ठकू दमली." त्या कुंडाला कुणी हात लावत नाही. आणि त्या दिवशी आमच्या गावात बसलेल्या बाईला कुणी ऊठ म्हणत नाही.