जांभळ्या वाफ्याची खुरपणी

फार पूर्वी, तेव्हाच्या राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत इतक्या पूर्वी, एका डोंगरी राज्यात राणीची बाग होती. ती सांभाळायचं एक माळ्याचं घर, आणि त्या घरात शब्द चालायचा सासूचा.

बागेत एक वाफा होता उंच व्हर्बिनाचा. छातीपर्यंत येणाऱ्या काटकुळ्या दांड्या, प्रत्येकीच्या शेंड्यावर जांभळ्या फुलांचा गुच्छ, आणि त्यावर फुलपाखरांची ही गर्दी! चार वर्षांपूर्वी एका परदेशी व्यापाऱ्याने ती रोपं राणीला भेट दिली होती. राणीने बजावलं होतं, "दर चैत्रात माझ्या हळदीकुंकवाला हा वाफा फुललेला हवा. ज्या वर्षी फुलणार नाही, त्या वर्षी बाग दुसऱ्या घराकडे जाईल."

सासूने तो जिवापाड जपला. खत नाही, पाणी बेताचं, ऊन मात्र दिवसभर. आणि माती अशी स्वच्छ, की तिच्यावर पान मांडून जेवायला बसावं. सुकलेले तुरेही ती लगेच कापून चुलीत घालायची, तरी चार बिया मातीत सांडायच्याच.

त्या घरात नवी सून आली. कमी बोलणारी, पण डोळे उघडे ठेवणारी. तिला पहिलंच काम मिळालं वाफ्याच्या खुरपणीचं. खुरपताना तिला झाडांच्या बुडाशी इवलाली रोपं दिसली. पानं तशीच खरखरीत, दांडी तशीच चौकोनी.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ही ह्याच झाडांची पिल्लं दिसतात. राहू द्यायची का?"

"अगं बाई! महिना नाही झाला उंबरा ओलांडून, आणि मला झाडं शिकवायला निघाली! तुझ्या माहेरी तणाची पूजा करतात वाटतं?"

शेजारच्या बायका खुदखुदल्या. सुनेने मान खाली घालून रोपं उपटली. मग रोजच उपटू लागली, इतकं मन लावून, की सासूने चारचौघींत तिचं कौतुक केलं.

माघ सरत आला. एका सकाळी सून वाफ्यापाशी गेली आणि जागीच थिजली.

सगळ्या दांड्या काळ्या पडल्या होत्या. तिने एकीला हात लावला, तर ती अलगद वर आली. मूळ कुठलं, नुसता भुसा! दुसरी तशीच. दहावीही तशीच. त्या झाडांचं आयुष्यच चार वर्षांचं होतं, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कुणी केलं? कुणी केलं हे?" सासू धावत आली. गुडघ्यांवर बसून तिने दोन्ही हातांनी माती चाळली. एक रोप सापडेना. कसं सापडणार? वाफा लख्ख होता.

चैत्रात राणी आली, वाफ्याकडे बघितलं आणि बागेच्या किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

डोक्यावर बोचकी घेऊन दोघी घरच्यांच्या मागून वेशीबाहेर पडल्या. बरंच चालून झाल्यावर सासू म्हणाली, "मी ऐकलं नाही, तो माझा दोष. पण तुला दिसत होतं ना गं? मग दुसऱ्यांदा का नाही बोललीस?"

एकेक रोप उपटताना सुनेने ते ओळखलं होतं, आणि तरीही उपटलं होतं.

म्हणून लहानथोरांनो, दिसलेलं खरं एकदाच सांगून जो गप्प बसतो, तो न ऐकणाऱ्याच्या चुकीत अर्धा वाटेकरी होतो.