दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

"आणि गाणारीचं नाव?"

"नाव नाही."

"म्हणजे आठवत नाही?"

"आठवायला आधी माहीत असावं लागतं," असं म्हणून हसन सारंगने अडकित्त्यात दुसरी सुपारी धरली.

अन्वय सबनीसला हसावं की रडावं कळेना. पहाटे पुणं सोडून, दोन एसट्या आणि एक फेरीबोट बदलून तो खाडीकाठच्या या वाडीत पोचला होता, तो एका नावासाठी.

हसन पारकर तीस वर्षं मालवाहू जहाजांवर सारंग होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. इतर खलाशी परदेशातून अत्तरं आणि घड्याळं आणायचे. याने प्रत्येक बंदरातून तबकड्या आणल्या. आता शहाऐंशी वर्षांचा होता, पण मान ताठ आणि कान तिखट.

अन्वय स्वतःही काही कमी नव्हता. जुने ब्लूज, लोकगीतं आणि रेगे ऐकणाऱ्या चाळीस जणांचं पुण्यात मंडळ होतं आणि तो त्यांचा सर्वज्ञ. कुणी एक तबकडी सुचवली की हा चार सुचवायचा. त्यातल्या तीन समोरच्याने ऐकलेल्या नसायच्या, आणि त्याचा अन्वयला मनापासून आनंद व्हायचा.

त्याने पिशवीतून वही काढली.

"आप्पांची आहे. माझ्या वडिलांची. मित्रांनी जे जे सुचवलं ते त्यांनी यात लिहून ठेवलंय. बेचाळीस नोंदी आहेत. ते गेल्यावर दोन वर्षांत मी एक्केचाळीस तबकड्या मिळवल्या. कुठून कुठून मागवल्या, विचारू नका."

सारंगने विचारलं नाही.

"ही शेवटची नोंद बघा. 'हसनकडची. दुसरी बाजू, शेवटचं गाणं. बाई.' एवढंच. नाव नाही, कंपनी नाही, साल नाही. आप्पा असं कधीच लिहीत नसत."

नोंदीखाली दोन वाकड्यातिकड्या रेघा होत्या. त्या मात्र नंतरच्या. शेवटच्या आठ महिन्यांत अर्धांगवायूने आप्पांची वाचा गेली होती आणि उजवा हातही. एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने पेन मागून घेतलं, वही उघडायला लावली, या नोंदीखाली रेघा ओढल्या आणि कितीतरी वेळ अन्वयकडे बघत राहिले.

त्यांना काय सांगायचं होतं, हे अन्वयने आपल्या परीने ओळखलं होतं. हे माझं सगळ्यात आवडतं, हे मिळव. ते मिळवण्याआधीच आप्पा गेले. ती गोष्ट त्याला अजून झोंबत होती.

"सबनीस," सारंग म्हणाला. "कस्टमवाला."

"हो. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साली इथे बदली होती त्यांची."

"दर रविवारी यायचा." सारंग जरासा हसला. "गोड माणूस. तुझा आवाज तसाच आहे."

ओटीच्या कडेला यशवंत खारवी जाळं दुरुस्त करत बसला होता. तोही मान खाली घालून हसला. गेली तीस वर्षं दुपारचं जेवण झालं की हा माणूस जाळं घेऊन इथे येऊन बसायचा आणि ऐकायचा. मंडळ म्हणावं तर एवढंच होतं.

सारंग आत गेला आणि तबकड्यांची फळकुटाची पेटी घेऊन आला. अन्वय पुढे सरकून बघू लागला. एकाही तबकडीवर कागद नव्हता. मधोमध जिथे नाव, गाव, क्रमांक छापलेला असतो, तिथे सगळीकडे नुसता काळा गोल.

"कागद कुठे गेले?"

"एका साली उधाणाचं पाणी घरात शिरलं. तबकड्या धुतल्या, बाजेवर वाळवल्या. वाजायला लागल्या. कागद खाडीत गेले."

"मग तुम्ही ओळखता कशा? एकमेकांना सुचवता कशा?"

उत्तर यशवंतने दिलं. "ही खोकल्याची. गाताना मधेच खोकतो तो. ही कुत्र्याची, मागे कुत्रा भुंकतो. ही झोपाळ्याची, जमैकाची. काल सारंगाने सांगितलं, कुत्र्याची ऐक. आज मी सांगणार होतो, खोकल्याची लाव. पण पाव्हणे आले."

अन्वयला त्यांची कीवच आली. अशा तबकड्या पुण्यात असत्या तर लोकांनी डोक्यावर घेतल्या असत्या. इथे त्यांना खोकल्याची आणि कुत्र्याची म्हणत होते. पण हरकत नव्हती. गाणं कानावर पडलं की नाव, साल, जागा आपण शोधून काढू, याची त्याला खात्री होती.

"आप्पांची कुठली?"

सारंगने पेटीत न बघता बोटं फिरवली आणि एक तबकडी उपसून काढली. "बंदरातल्या गाण्यांची. या बाजूला सहा आहेत. बाईचं सहावं."

"मग थेट तेच लावू या. चिपळूणची शेवटची एसटी पाचला आहे."

सारंगने तबकडी ओटीवरच्या रेकॉर्ड प्लेअरवर चढवली आणि सुई बाजूच्या अगदी कडेला ठेवली, पहिल्या गाण्यावर.

साडेतीन वाजले होते. खरखर झाली आणि गिटार सुरू झाली, घसरत, विव्हळत. अन्वयचे डोळे चमकले.

"बाटलीची मान कापून बोटात घालतात आणि तारांवरून फिरवतात," तो यशवंतला म्हणाला. "मिसिसिपीकडची पद्धत आहे."

सारंगने सुई उचलली आणि पुन्हा कडेला ठेवली.

"अडकली का?"

गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

मग अन्वयला फोनची आठवण झाली. गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारी सोय फोनमध्ये होती. त्याने फोन हळूच स्पीकरसमोर ठेवला. दुसरं गाणं निम्मं झालं, तोच फोन टिंग करून वाजला. सापडलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

सुई उचलली गेली, कडेला ठेवली गेली.

"अहो, तो मी नव्हतो. फोन होता."

सारंगने पुन्हा सुई उचलली. या वेळी तर पहिलं गाणं नीट सुरूही झालं नव्हतं.

आता अन्वयला नियम कळला. इथे कुणी काही सांगत नव्हतं, पण नियम कडक होता. त्याने फोन बंद करून पिशवीत टाकला आणि ओठ मिटून घेतले.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं दोर ओढणाऱ्या हमालांचं होतं. चौथ्याला जमैकाचा ठेका लागला, झोपाळ्यासारखा, एक मात्रा रिकामी सोडून पुढचीवर टेकणारा. यशवंतची जाळ्याची सुई त्याच ठेक्यात वरखाली होऊ लागली. अन्वयला आतून उकळी फुटली. असलाच ठेका असलेल्या तीन तबकड्या त्याच्याकडे होत्या आणि या दोघा म्हाताऱ्यांनी त्या जन्मात ऐकल्या नसणार.

"तुम्हाला हे आवडत असेल ना, तर माझ्याकडची एक..."

सुई उचलली गेली.

अन्वयचा संताप झाला. "सारंग, मी सुचवत होतो. ऐकणारी माणसं एकमेकांना सुचवतातच की!"

"सुचव ना," सारंग म्हणाला. "चहा घेऊ. चहाला सुचव."

चहा आला. चहाबरोबर अन्वयने पाच तबकड्या सुचवल्या, साल-क्रमांकासकट. सारंगने आणि यशवंतने मन लावून ऐकून घेतलं. यशवंतने तर दोनदा विचारलं, त्यात बाई कशी गाते. तेव्हा अन्वय जरा अडखळला. ती तबकडी कुठे सापडली, किती जणांना हवी होती, हे सगळं त्याला पाठ होतं. बाई कशी गाते हे मात्र चटकन सांगता येईना...

"चांगली गाते," तो म्हणाला.

कप खाली ठेवले तेव्हा साडेचार होऊन गेले होते. सुई पुन्हा कडेला.

या वेळी त्याने दातांवर दात ठेवले. गिटार गेली, हमाल गेले, झोपाळा गेला. पाचवं गाणं तोंडाच्या बाजाचं होतं, नुसता माउथ ऑर्गन. वाजवणाऱ्याचा श्वास संपत आला तरी सूर संपेना, आणि मग तो असा काही खाली उतरला की अन्वयच्या तोंडून आपसूक निघून गेलं,

"वा!"

एवढंच. पुण्याच्या मैफलीत असं म्हटलं नाही तर बाजूचा माणूस तुम्हाला बहिरा समजतो.

सारंगने सुई उचलली.

"दादही द्यायची नाही?"

सारंगने तबकडीवरची धूळ पंच्याने टिपली आणि सुई कडेला ठेवली. पाचला दहा कमी होते.

अन्वयने हिशेब केला. बाईच्या गाण्यापर्यंत पोचायला पंधरा-सोळा मिनिटं लागणार, आणि एसटी पाचला. म्हणजे नाव तर नाहीच मिळालं, गाणंही गेलं. उठावं, आता उठावं, असं वाटत होतं. पण उठायचं तर निघतो म्हणावं लागलं असतं, आणि म्हटलं की पुन्हा सुई...

तो बसून राहिला. वही मांडीवर होती.

त्याला आप्पा आठवले, घरचे. रविवारी सकाळी आप्पा तबकडी लावायचे आणि ती सुरू झाल्यापासून बोलायचे. आता बघ हं, आता येईल, इथे ऐक, ही जागा ऐक. लहान अन्वयला वाटायचं, गाणं म्हणजे आप्पांचाच आवाज आणि मागे कुणीतरी वाजवतंय. त्याला ते फार आवडायचं. त्या आठ महिन्यांत आप्पा गप्प झाले, तेव्हा घरात तबकडी लावायची कुणाची छाती झाली नाही.

हमालांचं गाणं संपलं. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. यशवंतने जाळ्याची सुई उचलून रस्त्याकडे दाखवली, न बोलता.

अन्वयने मान हलवली, न बोलता.

एसटी थांबल्याचं ऐकू आलं, मग सुटल्याचं. झोपाळ्याच्या ठेक्याखाली तिचा आवाज वळणापर्यंत जाऊन विरला. माउथ ऑर्गनवाला श्वास संपवून खाली उतरला. अन्वय गप्प राहिला.

मग बाई.

साथीला काही नव्हतं. लाकडी फळीवर कुणीतरी पाय आपटत होतं, बहुतेक तीच. आवाज वयस्क, थोडा चिरका, कुणाला खूश करायची घाई नसलेला. शब्द काही त्याला लागले नाहीत. दोन कडवी झाली आणि ती थांबली. पुढची ओळ विसरली असावी. पायही थांबला. तबकडी नुसती फिरत राहिली आणि त्या खरखरीत तिने श्वास घेतलेला ऐकू आला...

बोलायला याहून सोयीची जागा गाण्यात दुसरी नसते. आता बघ हं, असं म्हणायला तर अगदी नेमकी.

कुणी बोललं नाही.

बाईने ती ओळ सोडून दिली, पुढची घेतली, आणि पाय पुन्हा सुरू झाला. गाणं संपलं. सुई मधल्या काळ्या गोलाशी जाऊन टकटक करू लागली. अन्वयचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

मग त्याने वही उघडली. नाव विचारायचं आहे हे तो विसरून गेला होता.

"आप्पांना हे एवढं का आवडायचं, ते कळलं," तो म्हणाला.

"त्याने हे ऐकलं नाही कधी."

"...काय?"

"दोन वर्षं आला. दर रविवारी. चौथ्या गाण्याच्या पुढे नाही गेला." सारंगने यशवंतकडे बघितलं, यशवंतने मान डोलावली. "बाईचं मी त्याला सांगितलेलं. त्याने लिहून घेतलं. म्हणाला, पुढच्या रविवारी नक्की. मग बदली झाली."

अन्वय त्या दोन वाकड्या रेघांकडे बघत राहिला. डाव्या हाताने ओढलेल्या. वाचा गेल्यानंतरच्या. आणि नंतरचं ते बघणं...

त्याने त्या रेघांवरून हळूच बोट फिरवलं.

सारंगने त्याच्या मांडीवरची वही उचलली आणि उघडीच त्याच्या शेजारी ओटीवर ठेवली, माणसाला बसायला जागा करतात तशी. मग सुई उचलली आणि पहिल्या गाण्याच्या कडेशी धरली.

"हे तुझं झालं," तो म्हणाला. "आता त्याचं लावतो."