शेवटचं पान

कुणालाच नीटसं आठवत नाही इतक्या जुन्या काळी एका राज्याची भरभराट सुरू झाली होती. तिथल्या एका गावाने नदीपासून शेतांपर्यंत पाट खणायला घेतला. प्रत्येकाला पाटाचा एकेक तुकडा नेमून दिला होता, आणि मजुरी म्हणजे दुपारची पंगत.

पंगतीची रीत अशी: काल ज्याने जास्त खणलं, त्याचं पान आज पुढे. वाढायला पाटलीणबाई, आणि आग्रह करावा तर त्यांनीच! पुढच्या पानांवर चौथी भाकरी पडल्याशिवाय त्या जागच्या हलायच्या नाहीत.

त्यांची नवी सून गोजरी पाण्याचा तांब्या घेऊन मागून चालायची. बोलायची कमी. तिला दिसलं, की शेवटच्या पानावरच्या म्हाताऱ्या हैबतीबाबांपर्यंत अन्न पोचतं ते खरवडीचंच. अर्धपोटी बाबा कमी खणत. कमी खणलं, की उद्याचं पान पुन्हा शेवटी.

पुढचे रोज जास्त खात, जास्त खणत आणि म्हणत, "बाबांना कामाचा कंटाळाच फार!"

काम वाढलं तसा गावाने स्वयंपाकाला मोठा हंडा आणला. पाटलीणबाई खूश. "आता कोण उपाशी राहतंय!"

"सासूबाई," गोजरी हळूच म्हणाली, "हंड्याबरोबर पुढच्यांची भूकही वाढलीय."

"नवी आहेस. आग्रह ही आपल्या गावाची शोभा."

"मग थोडी शोभा मागेही वाढूया का?"

पाटलीणबाईंनी डोळे वटारले. पण त्या दिवसापासून स्वतःची अर्धी भाकरी गोजरी बाबांच्या पानावर ठेवू लागली.

"आणि तुला गं, पोरी?"

"मला सासरी अजून भूक लागायचीय, बाबा."

पाणी सोडायचा दिवस आला. शेतात रोपं माना टाकत होती. पाणी धावत आलं आणि मधोमध, बाबांच्या उथळ तुकड्यापाशी अडलं. काठ फोडून ते परत नदीकडे वळलं. त्यापलीकडचे खोल खोल तुकडे कोरडेच राहिले.

बाबा खाली मान घालून उभे होते. पाटलीणबाई कितीतरी वेळ त्यांच्या काटकुळ्या हातांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटच्या पानापासून वाढायला सुरुवात केली. "बाबा, अजून एक. माझी शपथ आहे!"

हंडा पुढच्या टोकाला पोचला, तरी त्यात सगळ्यांपुरतं होतं. जेवण झाल्यावर पुढचेही कुदळी घेऊन बाबांच्या तुकड्यात उतरले, आणि रोपं वाळायच्या आत पाणी शेताशेतात खेळलं.

शेवटच्या पानाला आग्रह होत नाही, तोवर नुसत्या मोठ्या हंड्याने गाव मोठं होत नाही.