खारवलीची उतरलेली दारं

खारवलीच्या जुन्या बंदरावर वखारींची रांग आहे. आता तिथे हॉटेलं झालीत, चित्रांची दुकानं झालीत. पण आषाढातल्या अमावस्येच्या उधाणाला तिथले लोक दारं बिजागऱ्यांवरून उतरवून ठेवतात आणि दर्याला आत घेतात. शहरातनं आलेले हसतात. हसा, पण आधी ऐका.

फार मागे म्हणे खाडी गाळाने भरली. गलबतं यायची बंद झाली, वखारी ओस पडल्या. बेघर खारवी, दर्यावर पोट भरणारे, तिथे राहायला आले. त्यांत आवडू नावाची म्हातारी विधवा होती. तिला दुसरं छप्पर नव्हतं. उधाण आलं की लोक दारं फळ्या-चिखलाने लिंपायचे, आणि दर खेपेला एखादी भिंत बसायचीच. शेवटी सुभेदाराने हुकूम काढला: अमावस्येनंतर वखारी पाडा, दगड किल्ल्याला न्या.

"उभ्या राहिल्या तर?" आवडूने विचारलं.

सुभेदार हसला. "राहिल्या तर तुमच्या."

अमावस्येच्या सकाळी सगळे चिखल थापत होते. आवडूने पुढचं दार उतरवलं, मागचंही उतरवलं.

"आवडूकाकी, डोकं फिरलं काय? दर्याला घरात घेतेस?" शेजारचा धाकू म्हणाला.

"तो न विचारता येतोच. भिंत पाडून येण्यापेक्षा दारातनं येऊ दे."

सुभेदाराचा शिपाई धक्क्यावरून ओरडला, "म्हातारे, जेवायलाही वाढ त्याला."

"वाढीन. तू आलास तर मात्र दार लावीन."

भर दुपारी उधाण आलं. आवडू खांबाला पदर बांधून मधोमध बसली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, चूल वाहून गेली. ती उठली नाही. "जा, मागनं वाट आहे," एवढंच बोलली असं सांगतात. पाणी मागच्या दाराने पलीकडच्या ओढ्यात, वहाळात गेलं. शेजारी धाकूची लिंपलेली भिंत कोसळली, तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या फळ्या उपटल्या. बाकी रांग उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी वखारी पाडायला पहारी घेऊन शिपाई आले, तर आवडू गाळ उपसत होती.

"या की आत," ती म्हणाली. "पाय धुऊन या."

एकानेही उंबरा ओलांडला नाही. सुभेदाराचा शब्द होता, वखारी खारव्यांच्या झाल्या.

मध्यंतरी बंदर नव्याने सजवायला इंजिनेर आले. त्यांनी दर्याला भिंत घालायचा नकाशा आणला. आळीने तो परत पाठवला, मग पाणी आत-बाहेर जायला पुढे-मागे दोन दारं ठेवलेला आला. गेल्या साली एका हॉटेलवाल्याने लोखंडी शटर बसवलं आणि उधाणाला ते ओढून निघून गेला. आळीने शटर उचकटलं. ते धक्क्यावर पडलंय. आजही बायका त्यावर सुकट वाळवतात.