भिंगोजीचं जातं

फार फार मागे, एका खाडीच्या मुखाशी डोळ्यांना न दिसणारे शेवाळकण राहत. समुद्राच्या तळातून वर येणारं कच्चं नत्र ज्यानं त्यानं आपल्या जात्यावर दळून खायचं, अशी रीत होती. पुढे काठावर गाव वसलं आणि सांडपाण्यातून तयार, दळावं न लागणारं नत्र येऊ लागलं. सगळ्यांनी आपापली दळायची जाती मोडून टाकली.

म्हातारा भिंगोजी तेवढा दळत राहिला. संध्याकाळी त्याचे हात भरून येत.

“आजोबा, आयतं समोर असताना कशाला हाडं झिजवता?” शेजारची पाचू हसायची.

“माझंच चुकत असेल गं,” तो दमून म्हणायचा. “पण मोडायचा धीर होत नाही.”

एका वर्षी गाव उठून गेलं. आयतं बंद झालं. तळातून कच्चं नत्र उदंड वर आलं, पण त्यातच सगळे उपाशी तरंगू लागले. नवं जातं घडवायलाही थोडं दळलेलं नत्र लागे, आणि ते भिंगोजीखेरीज कुणापाशीच नव्हतं.

भिंगोजीनं आपलं दिवसभराचं दळण पाचूपुढे केलं. “खाल्लंस तर आजचा दिवस निघेल. याचं जातं घडवलंस तर... मला तरी नक्की कुठे ठाऊक आहे? पण घडव.”

पाचूनं ते पीठ तोंडाशी नेलं. मग खाली घेतलं आणि विचारलं, “आजोबा, आधी खालचा दगड घडवायचा, की वरचा?”