कोंडाईची खूण

फार जुनी गोष्ट आहे. हिंगणखेडात वीज आली होती आणि नळ यायचे होते, तेव्हाची. वेशीबाहेर बाबूशेठ लोहाड्यांची जयचंद्र टॉकीज उभी होती. छपराला पत्रे, बसायला बाकडी आणि समोर मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेला पडदा. तो पडदा दरवर्षी जत्रेआधी धुवायचं काम कोंडाई परटिणीकडे असे.

पडदा कसला, डोंगरच तो. बिड्यांचा धूर, पानाच्या पिचकाऱ्या, कबुतरांची घाण, सगळं त्याच्यावर. बैलगाडीत घालून तो आंबी नदीवर न्यायचा, भट्टीत वाफवायचा, दगडावर आपटायचा आणि वाळवंटात पसरायचा. असं म्हणतात, की कोंडाई पडदा पिळायची तेव्हा वर्षभराचे खेळ पाण्यात उतरायचे. घोडे, टांगे, नाचणाऱ्या बाया, सगळं धारेला लागायचं आणि खालच्या गावच्या गाई पाणी प्यायचं सोडून बघत राहायच्या.

कोंडाईला त्याचं कौतुक नव्हतं. तिचे खांदे दुखायचे. नवरा कधीच गेला होता. गोरख नावाचा एकच मुलगा होता, तोही एके दिवशी धुण्याचं गाठोडं घाटावर टाकून म्हणाला, "आये, तुझ्या भट्टीत मी नाही शिजायचा," आणि मुंबईची गाडी धरून गेला. मग ना निरोप, ना सांगावा. बाई भट्टी लावत राहिली, कारण गावाचे कपडे मळतच होते.

काही वर्षं गेली. एकदा दुपारच्या खेळाला ती बायकांच्या बाकड्यावर बसली होती. बघायला नव्हे, पाठ टेकायला. पडद्यावर बाजार भरला होता. नायिका भाजी घेत होती आणि मागच्या गर्दीतून डोक्यावर पाटी घेतलेला एक माणूस आला, वळला आणि निघून गेला.

"गोरख्या!" कोंडाई ओरडली.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. गोरख रोज यायचा, रोज वळायचा, रोज जायचा. मग जत्रा जवळ आली. बाबूशेठने माणूस पाठवला, पडदा उतरवायचा म्हणून. कोंडाई म्हणाली, "यंदा नाही धुणार."

शेठ स्वतः आला. "कोंडाबाई, जत्रेच्या तोंडावर असं करू नकोस. हिरॉईनच्या तोंडावर पिचकारी दिसते गं."

"धुतला की माझं पोरगं जाईल, शेठ."

"अगं, पडद्यावर कोणी राहत नाही. तो नुसता उजेड आहे."

"मग उजेड बघायला तिकीट कशाला घेता?"

शेठला हसू आलं, पण अडचण खरी होती. तो म्हणाला, "उद्या हे पिक्चर परत जाणार. उद्याचा खेळ बघून घे. परवा तू नाही धुतलास, तर मी दुसऱ्या गावचा परीट आणतो."

कोंडाई घरी आली. दुसरा परीट आला तर तो पडदा कसा आपटेल, कुठे घासेल, कोण जाणे. आणि पिक्चर गेल्यावर गोरख नेमका कुठे उभा होता, तेही कोणाला सांगता येणार नाही. बसल्या बसल्या तिची नजर गावच्या कपड्यांवर गेली. प्रत्येक कपड्याला तिच्या हातची बिब्ब्याची खूण होती. ज्याचा कपडा त्याच्याच घरी परत जावा म्हणून परीट ती खूण करतात. दगडावर कितीही आपटा, बिब्बा जात नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला, नायिका भाजी घेऊ लागली, तशी कोंडाई उठली आणि थेट पडद्यापाशी गेली.

"ए म्हातारे, खाली बस!"

"आजीबाई, भाजी घ्यायला निघालीस काय?"

टॉकीज हसली. तिने कनवटीचा बिब्बा काढला, दाभणाने टोचला, चीक अंगठ्यावर घेतला आणि गोरखच्या पायाशी दाबून धरला. असं म्हणतात, की त्या वेळी पडद्यावरची सगळी माणसं चालत राहिली आणि एकटा गोरख थांबला. मशीन चालवणारा इस्माईलचाचा मरेपर्यंत शपथेवर सांगायचा, "रीळ अडकली असती तर जळाली असती. रीळ चालू होती. पोरगाच थांबला होता." कोंडाईने अंगठा उचलला, तेव्हाच तो गेला. चिकाने तिच्या अंगठ्याला फोड आला आणि त्याचा व्रण कायम राहिला.

मग तिने पडदा धुतला. सगळं गेलं. खूण राहिली.

बाबूशेठ आधी कपाळाला हात लावून बसला. पण गावाला त्या ठिपक्याची सवय झाली. कधी तो नायिकेच्या गालावर तीळ व्हायचा, कधी खलनायकाच्या नाकावर माशी व्हायचा, कधी देवाच्या कपाळी टिळा. पोरं शिट्ट्या मारायची, "कोंडाईचा तीळ!" कोंडाई हसायची नाही, रागवायचीही नाही. दिवसभर धुणं करून यायची आणि त्या खुणेशी कोण येऊन उभं राहतं ते बघायची. राजे आले, डाकू आले, पोलीस आले. गोरख आला नाही. डोळे मिटत असायचे, तरी पडद्यावर 'समाप्त' येईपर्यंत ती बसायची.

ती पार थकली त्या वर्षीच्या जत्रेत कुठलंसं देवाधर्माचं पिक्चर लागलं होतं. दरबार भरला होता. असं म्हणतात, की त्या दरबारात मळक्या सदऱ्याचा, केस पिकलेला एक माणूस पाटी घेऊन आला, खुणेपाशी थांबला आणि वळला. कोंडाई म्हणाली, "आलास? भाकरी झाकून ठेवलीय." इतकंच. उजेड झाला तेव्हा बाकड्यावर तिचं लुगडं होतं, ती नव्हती, असं कोणी सांगतात. तिला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बाया मात्र म्हणायच्या, ती बाकड्यावरच होती, भिंतीला टेकून. झोप लागल्यासारखी. अंगठा मुठीत धरलेला.

आता जयचंद्र टॉकीजमध्ये खताच्या गोण्या असतात. पडदा उंदरांनी खाल्ला. पण दर जत्रेआधी समोरची भिंत चुन्याने रंगवतात आणि चुना वाळला, की गावातली सगळ्यांत वयस्कर परटीण येऊन तिथेच बिब्ब्याचा ठिपका देते. आणि हिंगणखेडातलं कोणी पुण्याला, पलटणीत, परदेशात निघालं, की आई त्याचा सदरा उलटा करते आणि कॉलरच्या आत बिब्ब्याची खूण करते.

"आई, डाग पडला ना!" पोरं कुरकुरतात.

"पडू दे," ती म्हणते आणि सदऱ्याची घडी घालते.