टिटवीची मनाई

एका जंगलातून वाहणाऱ्या नदीच्या काठी एक टिटवी राहत असे. स्वभावाने भारी घाबरट आणि त्याहून बडबडी. तिने उघड्यावरच, गोट्यांच्या मधोमध अंडी घातली होती. ती इतकी ठिपकेदार, की शेजारी उभे राहिले तरी गोटेच वाटावेत. पण आईचा जीव तो! कुणाचा पाय पडला तर? तिने ओरडून सगळ्यांना ताकीद दिली, "खबरदार! या गोट्यांकडे कुणी फिरकायचं नाही!"

झाले! जिथे एरवी कुणी ढुंकून पाहत नसे, तिथे जत्रा भरली. "काय दडवलंयस गं टिटवीताई?" माकडाने विचारले. ससा तर गोटे हुंगतच सुटला. एक अंडे त्याच्या पायाखाली येता येता वाचले. टिटवी रडकुंडीला आली. सगळे कसेबसे पांगले, तेव्हा तिच्या मनात आले, 'मी गप्प होते तोवर सगळं ठीक होतं. माझ्या ओरडण्यानंच तर हे आले नाहीत ना?' पाहूया तरी, म्हणून ती दूरच्या एका वठलेल्या बुंध्यावर जाऊन ओरडली, "या बुंध्याला कुणी हात लावायचा नाही!" आणि गंमत पाहा मुलांनो, थोड्याच वेळात माकड त्या बुंध्यावर चढून बसले होते आणि ससा खालची माती उकरत होता. टिटवीला हसू आवरेना.

तेवढ्यात कोल्हा आला, नाक जमिनीला लावून, थेट अंड्यांच्या रोखाने. टिटवीचे हसू पळाले. ती भुर्रकन करवंदीच्या जाळीपाशी गेली आणि म्हणाली, "कोल्होबा, कुठंही जा, पण या जाळीत तेवढं डोकं घालू नका हं!"

कोल्ह्याने कान टवकारले. "अस्सं! म्हणजे अंडी इथंच आहेत तर!" असे म्हणून त्याने जाळीत मुसंडी मारली. नाकात काटे घेऊन तो केकाटत पळाला, तो पुन्हा त्या काठाला फिरकलाच नाही.

पुढे अंड्यांतून पिल्ले निघाली आणि तुरुतुरु डोहाकडे धावली. टिटवी 'खबरदार' म्हणणार, तोच तिने जीभ चावली. "बाळांनो, तिथं शेवाळ आहे, पाय घसरून पडाल. माझ्यामागून या, मी तुम्हाला उथळ पाणी दाखवते." पिल्ले लगेच वळली आणि आईच्या मागून चालू लागली.

तात्पर्य : नुसत्या मनाईने कुतूहल वाढते; पण त्यामागचे कारण समजावून सांगितले, तर मनाई करावीच लागत नाही.